खिळ्यावर टांगलेला बॅज

सेतू,

तुला जाऊन सोळा दिवस झाले, आणि एवढ्या अवधीत तुझ्याविषयी दोन खोट्या गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. पहिली तुझ्या दवाखान्याने सांगितली, दुसरी तुझ्या मुलाने. दोन्ही सभ्य आहेत, ऐकायला बऱ्या वाटतात, आणि दोन्हींमधून तू नाहीसा होतोस. आपल्या मंडळाच्या त्रैमासिकाच्या संपादकांनी मला निरोप धाडला की मामेभावाविषयी दोन पाने लिहून द्यावीत. गोड लिहावीत, वादाचे काही नको. पन्नास वर्षे मला ओळखूनही त्यांनी हे मागितले, तेव्हा चूक त्यांची. मी तुला लिहितो आहे. त्यांनी छापावे किंवा न छापावे.

माझी भाषाही तुला खटकणार. पुण्यात दोन वर्षे शिकून मी ही पुस्तकी मराठी घेऊन आलो, तेव्हापासून तमिळ मुलखातल्या आपल्या तंजावरी मराठी घरांत माझी टिंगल चालू आहे. अण्णा बोलतात की सरकारी जाहिरात वाचतात, असे तू लग्नकार्यात सगळ्यांसमोर विचारायचास. आज मात्र मला हीच भाषा हवी आहे. मऊ भाषेत लिहायला बसलो तर मीही त्या दोघांसारखाच काहीतरी बरे वाटणारे लिहून मोकळा होईन.

प्रथम दवाखान्याविषयी. तुझ्या फोटोला हार घालून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या सभागृहात शोकसभा घेतली. अधीक्षक इंग्रजीत बोलले. सेतुराव पस्तीस वर्षे क्ष-किरण विभागात होते. त्यांतल्या शेवटच्या तीस वर्षांत त्यांच्या बॅजने एकदाही मर्यादेबाहेरचा आकडा दाखवला नाही. नव्या तंत्रज्ञांनी सुरक्षिततेचा हा आदर्श समोर ठेवावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवण्याची रीत कधी सुरू झाली, मला माहीत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्ष-किरणांच्या खोलीत काम करणाऱ्याने छातीवर एक लहानसा बॅज लावायचा असतो. अंगावर किती किरण पडले ते तो मुकाट्याने साठवून ठेवतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि तिथून आकडा येतो. बॅज कोणाला वाचवत नाही. तो फक्त साक्षीदार असतो. आणि तुझा साक्षीदार, सेतू, तीस वर्षे खोलीच्या दाराबाहेर जाड भिंतीच्या आडोशाला एका खिळ्यावर टांगलेला होता. आकडा आला तो त्या खिळ्याचा. टाळ्या वाजल्या त्याही खिळ्यासाठीच.

मी उठून हे तिथेच बोलणार होतो. उठलोही. शेजारी बसलेल्या वत्सलेने माझी बाही धरली. तुझ्या पत्नीने आयुष्यात कधी मला अडवले नव्हते, म्हणून मी बसलो.

आता रघूची गोष्ट. तुमच्या मैलापूरच्या गल्लीत समोरच्या इमारतीच्या गच्चीवर तीन वर्षांपूर्वी मोबाइलचा टॉवर आला. दोन वर्षांनी तुला रक्ताचा कर्करोग निघाला. तुझ्या मुलाने या दोन घटनांमध्ये सरळ रेघ ओढली. तो संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. इंटरनेटवरून त्याने ताडपत्रांच्या पोथीएवढा गठ्ठा छापून आणला. टॉवर हटवण्याच्या अर्जावर गल्लीतल्या चाळीस घरांच्या सह्या घेतल्या. त्या अर्जाला जोडायला त्याला एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाचे पत्र हवे होते, आणि तांबरमच्या कॉलेजात तेहतीस वर्षे शिकवलेला प्राध्यापक घरातच होता. त्या पत्राविषयी पुढे लिहितो. त्याआधी ज्या सकाळी आपण दोघांनी या सगळ्याचा पाया घातला, तिकडे मला जायचे आहे. तेवढेच मला सुखाने आठवते.

तू एकविसाव्या वर्षी तंजावरहून आमच्याकडे आलास. क्ष-किरण तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम, आणि भौतिकशास्त्राच्या पेपरात पहिल्याच परीक्षेत नापास. मामांनी मला पत्र लिहिले की याला माणसात आण. मी तुला पहाटे पाचला उठवून घरासमोरच्या तिण्णैवर, त्या दगडी ओट्यावर, बसवू लागलो. साडेसहाला मला मांबलम स्टेशनावर तांबरमची गाडी गाठायची असे. कमला, माझी पत्नी, दोन पेले कॉफी आणून ठेवायची आणि तुझ्याकडे दयेने बघून आत जायची.

पहिल्या दिवशी मी सांगितले की प्रकाश ही लाट आहे. तू विचारलेस, लाट कशात? समुद्राची लाट पाण्यात, आवाजाची हवेत. सूर्य आणि आपण यांच्यामध्ये तर काहीच नाही. मग ही लाट कशात उठते? मी म्हणालो, विद्युत क्षेत्र बदलले की त्यातून चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, ते बदलले की त्यातून पुन्हा विद्युत क्षेत्र. दोघे एकमेकांना जन्म देत पुढे जातात, त्यांना आधार लागत नाही. तू म्हणालास, म्हणजे दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर पाय देत वर चढत चाललीत आणि खाली जमीनच नाही. मी तुझ्यावर खेकसलो. शास्त्रात असली सर्कस चालत नाही, असे म्हणालो.

त्यानंतर कॉलेजात प्रत्येक वर्षी मी हीच सर्कस सांगितली, सेतू. विद्यार्थी अजून भेटतात, सर, ते खांद्यांवर चढणारे दोघे कधी विसरलो नाही, असे सांगतात. मी मान डोलावतो. ते वाक्य भौतिकशास्त्राच्या पेपरात नापास झालेल्या माझ्या भावाचे आहे, हे मी एकालाही सांगितले नाही. तुलाही सांगितले नाही. आज सांगतो. उशीर झाला आहे. पण मी उशिरानेसुद्धा न सांगणारा माणूस आहे, हे लक्षात घेता ही प्रगतीच.

मग मी तुला सारे कुटुंब शिकवले. रेडिओच्या लहरी, उष्णतेचे किरण, डोळ्यांना दिसणारा प्रकाश, अतिनील, क्ष-किरण, गॅमा: सगळी एकाच रक्ताची भावंडे. निर्वात पोकळीत सगळ्यांचा वेग एकच. फरक फक्त लांबीत. रेडिओची लहर घराएवढी, टेकडीएवढी; क्ष-किरणाची लहर अणूहून मोठी नाही. आणि लहर जितकी आखूड, तितकी तिच्या एकेका कणाची ताकद जास्त. हे तुला पटेना. रेडिओ केंद्रातून तर रात्रंदिवस ओतत असतात, मग त्यानं काही का होत नाही, असा तुझा वाद. तेव्हा मी तुला समोरचे आंब्याचे झाड दाखवले. त्यावर कापसाचे गोळे फेक. हजार फेक, लाख फेक, कैरी पडणार नाही. एक खडा नेमका मार, पडेल. किती फेकले याआधी काय फेकले हा प्रश्न. रेडिओ कापूस फेकतो, क्ष-किरण खडा. कापूस फार झाला तर झाड थोडे तापेल, एवढेच. खड्याने मात्र अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर उडतो, आणि तो अणू आपल्या पेशीतला असेल तर तिथली घडी मोडते.

तू उठून खरोखर एक खडा मारलास. कैरी पडली. घरमालक ओरडत बाहेर आला, आणि मी प्राध्यापक असूनही ओट्यावरून आत पळालो. दुसऱ्या परीक्षेत तुला त्या पेपरात त्र्याहत्तर गुण मिळाले.

म्हणून मला राग येतो. तू अडाणी नव्हतास. क्ष-किरण म्हणजे काय, हे तुझ्या अधीक्षकांपेक्षा तुला स्वच्छ ठाऊक होते, कारण ते मी शिकवले होते.

नोकरीच्या पाचव्या वर्षी तुझ्या बॅजचा आकडा जास्त आला. प्रयोगशाळेचे पत्र आले आणि दवाखान्याने नियमाप्रमाणे तुला तीन महिने कागदपत्रांच्या खोलीत बसवले. तुझ्या जागी तात्पुरता एक माणूस आला. तो नियमाने वागणारा होता, कोणाला हात लावत नसे. लहान मुले हलत, म्हातारी माणसे थरथरत, फिल्म अस्पष्ट येई, पुन्हा काढावी लागे, पुन्हा अस्पष्ट येई. शेवटी त्याने मुलांना फडक्याच्या पट्ट्यांनी फळीला बांधायला सुरुवात केली. त्यांचे रडणे तुला कागदपत्रांच्या खोलीत ऐकू येई. हे सगळे तू मला नंतर सांगितलेस. तेव्हा मी त्याला नियमाचा प्रश्न समजलो.

तू विभागात परत आलास त्या दिवशी तो खिळा ठोकलास. कोणाला धरायचे असेल तेव्हा बॅज काढून तिथे अडकवायचा, आत जाऊन दोन्ही हातांनी त्या माणसाला धरायचे, आणि बाहेरून आयाने बटण दाबायचे. प्रथम बॅज काढणे आणि पुन्हा लावणे चाले. मग लावणे थांबले. सकाळी कामावर आलास की छातीवरून खिळ्यावर, संध्याकाळी खिळ्यावरून छातीवर.

मला हे कळायला वीस वर्षे लागली, आणि तेही एका क्षुल्लक भांडणातून. तुझी एक सवय होती: प्रत्येक फिल्मनंतर तू खिडकी उघडायचास आणि म्हणायचास, झालं, आता सगळं बाहेर गेलं. एकदा हे मी ऐकले आणि मला ते सहन झाले नाही. यंत्र बंद झाल्यावर खोलीत काहीही उरत नाही. दिवा विझवल्यावर प्रकाश उरतो का? हे मी तुला ओट्यावर शिकवले होते. तू म्हणालास, तुमच्या विद्यार्थ्यांना मार्क हवेत अण्णा, माझ्या माणसांना धीर हवा. खिडकीला काय खर्च येतो? त्यावर मी चिडलो, आणि चिडून दाराबाहेर पडलो तर समोर तो खिळा आणि त्यावर तुझा बॅज.

आपले ते भांडण त्या दवाखान्याच्या बोळात सुरू झाले आणि घरी येऊन संपले. खरे तर संपले नाही. मी म्हणालो, वाळूच्या पिशव्या ठेव, पट्टे लाव. नातेवाइकाला शिशाचा एप्रन घालून धरायला लाव. तो आयुष्यात एकदा धरील, तू दिवसातून दहा वेळा धरतोस. पेशंटच्या अंगावरून विखुरलेले किरण तुझ्यावर येतात, आणि तुझी बोटे तर थेट किरणांत असतात. दोन पावले मागे सरकलास तरी फरक पडतो. अंतर दुप्पट केले तर मारा चौथाई होतो. तू सगळे ऐकून घेतलेस. मग म्हणालास,

"आई धरते तेव्हा आईच हलते अण्णा. पोर रडलं की ती रडते. मग मी फिल्म कशाची काढू?"

मी म्हणालो, निदान बॅज तरी लाव. काय होते आहे ते कळू दे.

"बॅजला कळलं तर मला काढतात. मग त्यांना कोण धरणार? तो पट्ट्यावाला?"

मी अधीक्षकांना पत्र लिहीन, असे बजावले. तू शांतपणे म्हणालास, लिहा, पण तुमच्या पुण्याच्या मराठीत लिहू नका, साहेबांना कळायचं नाही. कमला हसली. मला ते हसणे लागले. मी पत्र लिहिले, इंग्रजीत, दोन पाने, उत्तम पत्र होते. टाकले नाही. भावाची नोकरी घालवली असे आपल्या लोकांत झाले असते, ही भीती. तुला वाटले मी तुझ्यावर दया केली. मी फक्त माझी अब्रू राखली.

त्यानंतर दोन वर्षे आपण बोललो नाही. एकाच गावात, चालत वीस मिनिटांवर. मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या संगीतोत्सवात, गायनसभेच्या मैफलीत तू चौथ्या रांगेत आणि मी सातव्या. तुझ्या डाव्या हाताची नखे खडबडीत झाली आहेत, बोटांची कातडी कोरडी पडून चिरते आहे, हे मला वत्सलेकडून कळले. तू तिला सांगितले होतेस की ते फिल्म धुण्याच्या रसायनामुळे होते. असेलही. तुझे हेच वाईट, सेतू, की प्रत्येक गोष्टीचे एक दुसरे कारण देता येईल इतकी जागा तू सोडलीस.

आणि आता तेराव्याच्या दिवशीचे. जेवणे आटोपली होती. तुमच्या दिवाणखान्यात वीसेक माणसे विडा चघळत बसली होती. रघूने तो गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवला. तो मला पेरियप्पा म्हणतो, तमिळमध्ये मोठे काका. मराठी त्याला जेवणापुरती येते. पत्र त्याने इंग्रजीत तयारच करून आणले होते. टॉवरच्या विद्युतचुंबकीय किरणोत्सर्गामुळे माझ्या भावाला कर्करोग झाला असे माझे तज्ज्ञ मत आहे, इत्यादी. खाली माझे नाव, पदव्यांसह. सही तेवढी राहिली होती.

मी वाचले आणि परत केले. म्हणालो, हे चूक आहे. टॉवरची लहर फूटभर लांब असते. तिच्या एका कणाची ताकद क्ष-किरणाच्या कणाच्या हजार कोटीव्या भागाएवढीही भरणार नाही. तो टॉवर कुरूप आहे, गल्लीला विचारून लावलेला नाही, तेवढ्यावरून तो हलवायला सांगा, मी सही करतो. माझ्या भावाच्या नावाने नको.

रघू म्हणाला, पेरियप्पा, रेडिएशन ते रेडिएशन. इंटरनेटवर शास्त्रज्ञांनीच म्हटलंय, इथं छापलंय.

"मग तो दिवा विझव," मी म्हणालो. "तोही तेच फेकतो आहे."

कोणीतरी हसले. ते हसू मला रघूपेक्षा जास्त लागायला हवे होते, नाही लागले. त्याचे डोळे भरले. तो म्हणाला, मग सांगा ना कशानं गेले अप्पा? तुम्हाला सगळं येतं. माझ्याकडे फक्त हा टॉवर आहे. हाही घेतलात तर मी कोणाला विचारू?

मला उत्तर येत होते. खरे उत्तर दोन तुकड्यांत होते आणि दोन्ही मला त्या दिवाणखान्यात बोलवेनात. पहिला तुकडा: तुझा बाप तीस वर्षे उघड्या हातांनी आणि बिनबॅजचा त्या किरणांत उभा राहिला. दुसरा तुकडा: तरीही त्यानेच हा आजार झाला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. किरण पेशीत शिरून घडी मोडतो, त्या मोडलेल्या घडीवर पाठवणाऱ्याचे नाव नसते. असा आजार किरण न बघितलेल्या माणसालाही होतो. आकडे असते तर निदान शक्यता मोजता आली असती. आकडे खिळ्याकडे आहेत. तू माझ्याकडून माझे एकमेव शस्त्र काढून घेतलेस, सेतू. मी आयुष्यभर लोकांना मापे दाखवून हरवले. तुझ्या वेळी माझ्याजवळ माप नाही.

आपल्या माणसांनी त्या दिवशी काय म्हटले ते मला कळले आहे. म्हाताऱ्याला काळीज नाही; पोराच्या दुःखाच्या दिवशी वर्ग घेत बसला. ज्यांनी म्हटले त्यांपैकी तिघे माझेच विद्यार्थी. त्यांना मी गुण जास्त दिले होते असे आता वाटते.

जाताना वत्सलेने मला मागच्या अंगणात बोलावले. ती धुण्याच्या दगडावर बसली, मला खुर्ची दिली. तिने विचारले ते मी जसेच्या तसे लिहितो.

"टॉवर नव्हे म्हणालात. सरि, बरं. मग दवाखान्याचं खरं की?"

मी म्हणालो, नाही. आणि मग मी तिला खिळ्याचे सांगितले. बॅज, आया, बटण, आपले भांडण, न टाकलेले पत्र. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. संपल्यावर म्हणाली, मला ठाऊक होतं. रोज घरी येऊन सांगायचे, आज अमक्या पोराला धरलं, आज एका पाटीला, म्हणजे म्हातारीला. बॅजचंही ठाऊक होतं. त्या दिवशी सभेत तुम्ही उठलात तेव्हा म्हणूनच मी बाही धरली. तुम्ही बोलला असता तर ते म्हणाले असते, त्याचीच चूक. नियम मोडला, फळ भोगलं.

मी म्हणालो, तसेच म्हणतील.

"आणि नाही बोललं तर?"

या प्रश्नाचा मी तोवर विचार केला नव्हता, हे कबूल करतो. मी वाद जिंकायला निघालो होतो. तिथे त्या अंगणात बसून मला प्रथम दिसले की अधीक्षकांचे भाषण खरे धरले, तर तू पस्तीस वर्षे नीट भिंतीआड उभा राहिलास आणि त्या खोलीत कधीही कोणाला हात लावला नाहीस. स्वच्छ बॅजचा दुसरा कोणताही अर्थ होत नाही. आणि रघूचा टॉवर खरा धरला, तर तू निवृत्तीनंतर खिडकीत बसलेला एक बिचारा माणूस होतास, आणि त्या खोलीची तर गरजच उरत नाही. मी तिला एवढेच म्हणालो, नाही बोललो तर सेतूने कधी कोणाला धरलेच नव्हते, असे होईल.

ती म्हणाली, "मग लिहा. चूक होती तर चूक म्हणून लिहा. पण धरलं त्यातल्या एकाचं तरी नाव लिहा अण्णा. नाव नसलं तर लोकांना गोष्ट वाटते."

मी म्हणालो, नावे मला कुठून ठाऊक असणार? ती माझ्याकडे बघत राहिली. मला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक होते. तू तिला रोज घरी येऊन सांगायचास.

म्हणून एक नाव लिहितो. कमला.

आपल्या अबोल्याचे दुसरे वर्ष चालू होते. कमलेचे हात आणि मान तेव्हा सतत थरथरत असत. तिला खोकला लागला, ताप उतरेना, डॉक्टरांनी छातीची फिल्म काढायला सांगितले. मैलापुरात क्ष-किरणाची आणखी दोन ठिकाणे होती. दोन्हीकडे मी तिला नेले. दोन्हीकडे फिल्म अस्पष्ट आली. बाई हलतात, आम्ही काय करणार, असे ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी तिला रिक्षात घालून तुझ्या दाराशी आणले. दुपारची वेळ होती, आया जेवायला गेली होती. तू मला काही विचारले नाहीस. दोन वर्षांनी तू उच्चारलेला पहिला शब्द वैनी हा होता, आणि तो तिला उद्देशून होता.

विभागात दोन एप्रन होते. एक फाटला होता. दुसरा तू कमलेच्या पोटावर बांधलास. मी ते पाहिले. तुझ्या छातीवर बॅज नव्हता, तेही पाहिले. तू तिला फळीसमोर उभे केलेस, एका हाताने खांदा आणि एका हाताने हनुवटी धरलीस, तिच्या कानात काहीतरी बोललास आणि ती हसली. मग माझ्याकडे न बघता म्हणालास, "अण्णा, बाहेर जा. दार लावा. मी हो म्हटलं की बटण दाबा."

आपल्या भांडणात मी तुला जे सांगितले होते, ते सगळे मला त्या क्षणी तोंडपाठ होते. वाळूच्या पिशव्या, अंतर, एप्रन, नातेवाइकाने धरावे. नातेवाईक मी होतो. मी धरतो, तू बाहेर जा, एवढे पाच शब्द पुरले असते. माझे हात तेव्हा तुझ्यापेक्षा स्थिर होते. मी बाहेर गेलो आणि दार लावले.

पहिली फिल्म तू धुऊन आणलीस. थोडी हलली होती. दुसरी बरी होती, पण उजवीकडचा खालचा कोपरा स्पष्ट नव्हता. तू म्हणालास, डॉक्टरला एवढी पुरेल. मी ती खिडकीच्या उजेडात धरून तपासली, प्राध्यापकाने तपासावी तशी, आणि म्हणालो, नाही, आणखी एक काढ. तू आत गेलास.

तिसरी उत्तम आली. त्या फिल्मवर डॉक्टरांना फुप्फुसातला डाग दिसला, औषध बदलले, आणि कमला त्यानंतर चार वर्षे माझ्याबरोबर राहिली. त्यासाठी मी तुझे आभार मानले नाहीत. आभार मानले असते तर काय पाहिले तेही बोलावे लागले असते.

तीन एक्सपोजरने माणूस मरत नाही, हे मला कोणी शिकवू नये. हिशेबात ते शून्याच्या जवळ आहे. तुझ्या दाराशी माणूस घेऊन आलेला प्रत्येक जण हेच म्हणू शकतो, आणि प्रत्येकाचे खरे असेल. ही पाने आज मी संपादकांकडे धाडतो आहे, एक प्रत दवाखान्याला, एक रघूला. रघूच्या प्रतीसोबत मराठी वाचून दाखवायला मी स्वतः जाईन. त्याने विचारले होते, मी कोणाला विचारू. त्याने मला विचारावे. त्या दुपारी तू आतून तीन वेळा हो म्हणालास, आणि तीनही वेळा बटण मी दाबले.